सुंदराचे आठशे मीटर

सुंदरा बडेकर पहिल्यांदा पळायला निघाली, त्या सकाळी गावानं जो अर्थ काढला तो गावाला शोभण्यासारखाच होता. म्हैस सुटली असणार. भिवपुरी कॅम्पच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला जे गाव आहे, तिथं सत्तेचाळीस वर्षांची बाई उजाडता उजाडता रस्त्यानं पळते म्हणजे तिच्या पुढं म्हैस तरी असते, नाहीतर मागं कुत्रं तरी. मागं कुत्रं दिसत नव्हतं. तेव्हा देवळाच्या ओट्यावर दात घासत बसलेले दोघंजण काठ्या घेऊन उठले आणि "कुठल्या अंगाला गेली गं वयनी?" असं ओरडत थेट कालव्यापर्यंत तिच्यामागं धावले. सुंदरा थांबली, कमरेवर हात ठेवून धापा टाकत म्हणाली, "म्हस दावणीलाच हाय. मीच सुटलीय."

हे उत्तर दुपारपर्यंत गावभर झालं आणि संध्याकाळी शेजारच्या गावातही पोचलं. सुंदराचा नवरा सदू याला ते चहाच्या टपरीवर ऐकावं लागलं. त्यानं ते हसून घेतलं, कारण न हसून सांगतो कुणाला.

सदूकडं चार म्हशी. पूर्वी धारा काढायचा तोच आणि कर्जतला दूध घालायचाही तोच. मग त्याची कंबर धरली. महिनाभर सुंदरानं सायकल चालवायची, तोवर कंबर सुटेल, असं ठरलं होतं. कंबर सुटली, पण सायकल काही सुंदराच्या हातून सुटली नाही. कॅरिअरला दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे, आधी दहिवली करायची, मग पूल ओलांडून कर्जत, आणि ऊन तापायच्या आत घरी. सदूला मोटारसायकल घ्यायची हौस होती. सुंदरा म्हणे, सायकलीला पेट्रोल पाजावं लागत नाही आणि ती सकाळी रुसतही नाही. पावसात, थंडीत, अंगात ताप असतानाही ती बाई दूध घालून आलेली आहे. गावाला याचं कौतुक वाटत नव्हतं, कारण जे रोज दिसतं त्याचं कौतुक करायची आपल्याकडं रीत नाही.

पळण्याचं खूळ शिरलं ते कर्जतच्या एका बंदोबस्तात. कुणीतरी मोठं येणार होतं, रस्ता अडवलेला होता आणि सुंदरा रिकामे कॅन घेऊन कडेला उभी होती. मध्ये खाकी वर्दीतली एक होमगार्ड बाई होती. केस पिकलेले, अंगानं सुंदरासारखीच. एक भलीमोठी जीप हॉर्न वाजवत पुढं घुसायला लागली. बाईनं नुसता हात वर केला आणि जीप जागच्या जागी थांबली. नंतर तीच बाई टपरीवर चहा प्यायला आली, तेव्हा सुंदरानं तिला गाठलंच. बाईनं सांगितलं, पन्नाशीपर्यंत घेतात, दहावी पास पाहिजे आणि बायकांना आठशे मीटर पळावं लागतं. जितकं लवकर पळाल तितके गुण जास्त.

सुंदरा दहावी पास होती. पण खरी गोष्ट वेगळीच होती. इतकी वर्षं ती रस्त्यानं जात होती ती सगळ्यांना वाट देत. मागून गाडी वाजली की सायकल कडेला घ्यायची, कॅन सांभाळायचे, गाडी गेली की पुन्हा रस्त्यावर यायचं. आणि इथं तिच्याच वयाची बाई रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि सगळं जग तिच्या हाताकडं बघत होतं. आपल्याला हे पाहिजे, असं सुंदराला वाटलं. इतकं की त्या दिवशी ती एका घरचं दुधाचं भांडं तसंच घेऊन घरी आली.

चौकशी केली तर भरती पुढच्या वर्षी निघेल असं कळलं. त्यानंतरची कधी निघेल ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि तोवर सुंदराची पन्नाशी उलटून गेली असती. म्हणजे संधी एकच.

सदूला सांगितलं तेव्हा तो धार काढत होता. तो म्हणाला, "होमगार्ड? घरात गार्ड हायेसच की गं तू. मी मागल्या दारानं तरी सुटतो का कधी?"

"मस्करी नाय करत मी."

"मी बी नाय करत," सदू म्हणाला आणि पुन्हा धार काढू लागला.

आता पहिली चूक. पळायचं तर पळण्याचाच सराव पाहिजे, हे तिनं मनाशी पक्कं केलं. पायात जेवढी ताकद आहे ती सगळी पळण्यासाठी राखून ठेवायची, सायकलीवर उधळायची नाही. तिनं सायकल भिंतीला टेकवली, दूध घालायला सदूला चुलतभावाची स्कूटर मागून दिली आणि स्वतः सकाळ-संध्याकाळ डांबरी रस्त्यानं पळू लागली. मुलीनं, समीक्षानं, आपले जुने बूट आणि ट्रॅकपँट दिली. समीक्षा कर्जतला कॉलेजात जायची. तिच्या वर्गातल्या पोलीस भरतीवाल्या मुलीही असंच पळायच्या, मग यात चूक आहे असं कुणाला वाटावं? आज पळालीस त्यापेक्षा उद्या जास्त पळ, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

काही आठवड्यांत उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. सुंदरानं हळदीचा लेप लावला आणि कुणाला सांगितलं नाही. पण शेणाची पाटी उचलताना ती मटकन खाली बसली आणि सदूनं ते पाहिलं. तो म्हणाला, "म्हशीचा पाय सुजला आस्ता तर मी कवाच डाक्टर आनला आस्ता. तू बोलत नायस तर म्हस बरी." आणि त्यानंच तिला स्कूटरवर बसवून दहिवलीला निशिगंधा मॅडमकडं नेलं.

निशिगंधा मॅडम म्हणजे कर्जतच्या जुन्या वकिलांच्या घरातली मुलगी. फिजिओथेरपीचं शिकून आली आणि दहिवलीत दवाखाना काढून बसली. सुंदराचं दूध तिच्याकडं जायचं, तेव्हा ओळख रोजचीच. तिनं गुडघा दाबून, वाकवून पाहिला आणि विचारलं, "सुंदराताई, हल्ली दूध घेऊन सदूभाऊ येतात. तुमची सायकल कुठं गेली?"

"बंद केली. पायाची ताकद उगा कशाला घालवायची?"

निशिगंधानं कपाळावर हात मारला. मग खुर्ची पुढं ओढून तिनं समजावून सांगितलं. पळताना प्रत्येक पावलाला सगळं अंग गुडघ्यावर आपटतं. तुमची छाती आणि दम इतक्या वर्षांच्या सायकलीनं तयार आहे, पण हाडांना आणि सांध्यांना आपटायची सवय नाही. ती हळूहळू लागते, आणि तुम्ही एकदम घाई केलीत. सायकलीवर छातीला तेवढाच व्यायाम होतो, पण गुडघा आपटत नाही. वर मांडी भक्कम होते आणि मांडीच गुडघा धरून ठेवते. तेव्हा आधी सूज उतरू द्या, मग एक दिवस पळा आणि एक दिवस सायकल मारा. पळायचं ते डांबरावर नाही, कालव्याच्या कडेच्या मातीवर. आणि सायकल मारायची ती बोलता येणार नाही इतक्या जोरात.

"म्हंजे इतकी वर्सं मी यायामच करत व्हते?" सुंदरानं विचारलं.

"करत होता. पण सगळ्यांशी गप्पा मारत."

हे मात्र खरं होतं. सुंदराच्या वाटेवर असं एकही दार नव्हतं जिथं ती दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं गेली असेल. सूज उतरल्यावर तिनं सायकल काढली, तेल घातलं, कॅन लटकवले आणि मॅडमनं सांगितलं तशी जी सुटली ती कुणाशी बोलली नाही, कुणाकडं बघितलं नाही. खड्डा आला तरी वेग कमी नाही. दहिवलीत ती इतक्या लवकर पोचली की गिऱ्हाइकं अजून अंथरुणात होती. सुंदरा खुशीत घरी आली. आणि तासाभरात फोन सुरू झाले. दुधात काहीतरी पांढरं तरंगतंय. दूध नासलंय का? काय मिसळलंय? सदूच्या तोंडचं पाणी पळालं. चार म्हशींच्या दुधावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. शेवटी निशिगंधाचाच फोन आला. ती हसत होती. "सुंदराताई, दुधात लोणी आलंय. उद्यापासून ताकच आणता का?"

खड्ड्याखड्ड्यातून कॅन असे घुसळले होते की वाटेतच लोणी निघालं होतं. सदू दोन दिवस जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होता. आमच्या घरात रवी लागत नाही, म्हणे, बायकोला सायकलीवर बसवायची. सुंदराला मात्र यातून वाट सापडली. जाताना कॅन भरलेले, तेव्हा जायचं ते दुधाच्या चालीनं, पाय एकसारखा, धक्का न देता. येताना कॅन रिकामे, तेव्हा जेवढा जीव असेल तेवढा पायडलवर ओतायचा. त्या येतानाच्या वेगात रिकामे कॅन असे खणखणत की पुलापासून गावापर्यंतचे लोक आपोआप बाजूला होत. सुंदराला ते आवडायचं. ती ते कुणाला बोलून दाखवत नसे, पण चेहऱ्यावर दिसायचं.

रविवारी मॅडमनं लांबची सायकल सांगितली होती. सुंदरानं विचार केला, उगाच कुठंतरी जाऊन परत येण्यापेक्षा खालापूरला माहेरी जाऊन यावं. तेवढीच भेट होईल. ती चौक गावच्या रस्त्यानं निघाली आणि नाश्त्याच्या वेळेला भावाच्या दारात सायकल उभी केली. भाऊ गजा टेंपो धुवत होता. त्यानं बहिणीकडं पाहिलं. अंगावर घाम, चेहरा लाल, हातात पिशवी नाही, बरोबर मुलगी नाही, नवरा नाही. गजानं टेंपो धुणं तिथंच सोडलं. तिला पंख्याखाली बसवलं, बायकोला भाकरी टाकायला सांगितली आणि घरामागं जाऊन सदूला फोन लावला.

"दाजी, काय झालं? माझ्या बहिनीला सायकलीवर माहेरी यायची पाळी आनलीत?"

अशी संधी सदू थोडाच सोडणार. तो गंभीर आवाजात म्हणाला, "आता तुमीच समजवा तिला. माझं नाय आयकत ती."

गजानं बिचाऱ्यानं तासभर बहिणीला संसाराच्या गोष्टी सांगितल्या. आदळआपट होतेच, माणूस मनानं वाईट नाही, समीक्षाकडं बघ. सुंदरा भाकरी खात ऐकत होती आणि हा आज असं का बोलतोय याचा विचार करत होती. खरा प्रकार उलगडला तेव्हा गजा इतका चिडला की हसायलाच लागला. मग म्हणाला, "सायकल टेंपोत टाक ताई, सोडतो तुला घरी."

"टेंपोत बसायचं आस्तं तर मी आले कशाला रं?"

गजाला काही ते पटेना. बहिणीनं एवढ्या लांब एकटीनं सायकलीवर जायचं आणि भावानं दारात उभं राहून बघायचं, हे त्याच्यानं झालं नाही. शेवटी ती पुढं सायकलीवर आणि हा मागं टेंपो घेऊन, असे दोघं कर्जतपर्यंत आले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. गजा खिडकीतून हात काढून त्यांना "दमानं, दमानं" म्हणत होता. कर्जतच्या चौकात त्यानं टेंपो वळवला, तेव्हा एक रिक्षावाला म्हणाला, "कुठल्या शर्यतीची तयारी?" गजा म्हणाला, "माझी बहीन हाय." प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, पण त्याला तेच सांगावंसं वाटलं.

मग मॅडमनं शेवटची गोष्ट सांगितली, आणि तीच सगळ्यांत कठीण होती. सायकलीवरून उतरायचं आणि न थांबता पळायचं. पहिल्या दिवशी कालव्यावर सुंदरानं सायकल झाडाला टेकवून पळायला सुरुवात केली, तर पाय दुसऱ्या कुणाचे उसने आणल्यासारखे वाटायला लागले. मांड्या जड, पावलं भलतीकडंच पडत. ती रडकुंडीला आली. समीक्षा मोबाइलवर वेळ लावून उभी होती. ती म्हणाली, "आई, आज राहू दे." सुंदरानं राहू दिलं नाही. पुढच्या वेळी थोडं कमी जड वाटलं, त्याच्या पुढच्या वेळी आणखी कमी. आणि ज्या दिवशी नुसतं पळायचं असे, त्या दिवशी ताजे पाय असे हलके पडू लागले की तिचं तिलाच नवल वाटे. गुडघा पुन्हा सुजला नाही. समीक्षाच्या वर्गातल्या एका मुलीनं आपल्या दादाची सायकल मागून घेतली म्हणे, आणि दुसरी कालव्यावर पळायला यायला लागली. आता सुंदराला पळताना पाहून कुणी काठी उचलत नव्हतं.

भरतीच्या दिवशी गजाचा टेंपो पहाटेच दारात आला. पुढं गजा आणि सुंदरा, मागं चटईवर सदू आणि समीक्षा. अलिबागच्या मैदानाबाहेर पोरींची गर्दी होती. वीस-बावीसच्या, काटक, वेण्या घट्ट बांधलेल्या. एकीनं सुंदराला पाहून विचारलं, "काकू, मुलीला सोडायला आलात?"

"नाय गं. मुलगीच मला सोडायला आलीय."

पोर हसली, पण तिनं सुंदराच्या छातीवरचा नंबर पाहिला आणि बाजूला सरकून रांगेत जागा करून दिली.

शिट्टी झाली आणि सगळ्या पोरी अशा सुटल्या की त्यांच्यामागं नुसती धूळ उरली. सुंदरा शेवटची. मैदानाच्या दोन फेऱ्या होत्या. पहिल्या वळणावरही ती शेवटचीच होती. कुंपणाबाहेर सदूनं मान खाली घातली आणि तो चपलेनं माती उकरू लागला. वर्षभर त्यानं चेष्टा केली होती, पण आपली बायको जगासमोर शेवटची यावी हे त्याला सोसेना. समीक्षा मात्र नीट बघत होती. आईची पावलं एकसारखी पडत होती, खांदे हलत नव्हते. "बाबा, वर बघा," ती म्हणाली. "आई दुधाच्या चालीनं चाललीय."

पहिली फेरी संपली आणि सुंदराच्या डोक्यात कॅन रिकामे झाले. आता सांडायला काही नव्हतं. तिनं पाय मोकळे सोडले. पुढच्या पोरींचा दम पहिल्याच फेरीत निम्मा संपला होता, त्यांची तोंडं उघडी पडली होती आणि हात वेडेवाकडे हलत होते. सुंदरानं एकीला गाठलं. मग दोघींना. छाती भात्यासारखी चालत होती, पण ती छाती वर्षानुवर्षं अशीच चालत आलेली होती, तिला नवीन काही नव्हतं. शेवटच्या वळणावर जिनं तिला काकू म्हटलं होतं तीही मागं पडली. सुंदरा पहिली आली नाही. पुढं बऱ्याच पोरी होत्या आणि त्या पुढं असायलाच हव्या होत्या. पण मागंही पुष्कळ होत्या. रेघ ओलांडून ती खाली पडली नाही, कमरेवर हात ठेवून ताठ चालत राहिली. पळण्यानंतर गोळाफेक होती, पण तिची सुंदराला काळजीच नव्हती. भरलेले कॅन रोज कॅरिअरला अडकवणाऱ्या हातांनी तो गोळा लीलया फेकला.

ती कुंपणाशी आली तेव्हा सदू लगबगीनं समोर आला. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली, तीही झाकण न काढता.

निवडीची यादी समीक्षानं मोबाइलवर वाचली, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं. सुंदराचं नाव होतं. सुंदरा रडली, हसली, पुन्हा रडली. सदू "म्हशींना पानी दावतो" म्हणून गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

त्या वर्षी बाप्पाच्या विसर्जनाला सुंदराची नेमणूक दहिवलीच्या घाटावर झाली. खाकी वर्दी, टोपी, कमरेला पट्टा. सदूच्या घरचा गणपती दरवर्षी गावच्या कालव्यातच जायचा. यंदा मात्र सदूनं जाहीर केलं, आपला गणपती दहिवलीला. सगळी आळी त्याच्याबरोबर निघाली. घाटावर ही लांबच लांब रांग होती. सदूनं डोक्यावरचा पाट सावरला आणि मागच्यांना सांगितलं, "या रं माझ्या मागनं. आपली वळख हाय." आणि रांग सोडून, आळीभर माणसं मागं घेऊन तो घाटाच्या तोंडाशी बांधलेल्या दोरखंडापाशी आला. सुंदराकडं पाहून हसला.

सुंदरानं हात वर केला. "अवो, मागं. रांगेतनं या."

"अगं, मी हाय."

"दिसतंय. रांगेतनं या."

सदू क्षणभर तिथंच उभा राहिला, डोक्यावर गणपती घेऊन. मग तो वळला, सगळ्यांना घेऊन पार मागं गेला आणि रांगेच्या शेवटी उभा राहिला. ऊन चढत होतं, मान अवघडली होती, रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. पुढच्या अनोळखी माणसानं कीव येऊन विचारलं, "काय दादा, सोडलं नाय व्हय तुमाला?"

"सोडते कशी?" सदूनं पाट सावरत, मागंपुढं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "बायको हाय ती माझी."